माझ्या मापाचा ओटा

"काकू, तुम्ही रोजच्यासारखा चहा करा. मी इथं नुसता उभा राह्यतो," आदेश म्हणाला आणि खरंच दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. स्वयंपाकघराची आखणी करून देणारा माणूस वर्ध्याहून येणार म्हटल्यावर मला वाटलं होतं, येईल, टेप लावेल, भिंती मोजेल, चार फोटो काढेल आणि जाईल. हा तर माझी परीक्षाच घ्यायला आला होता. लग्न होऊन आर्वीला आल्यापासून या घरात मी चहाच्या नद्या वाहवल्या असतील, पण एखादा पुरुष हाताची घडी घालून मी चहा कसा करते ते बघतोय, असं कधी घडलं नव्हतं. माझे हात अडखळायला लागले.

वाकून खालच्या फळीवरून पातेलं काढलं. पाण्यासाठी कोपऱ्यातल्या मोरीशी गेले. साखरेला मुंग्या लागतात म्हणून ती दारापलीकडच्या भिंतीतल्या कपाटात, म्हणून तिकडे गेले. फ्रीजला आत जागा नाही म्हणून तो पुढच्या खोलीत, तर दुधासाठी आदेशच्या बाजूने अंग चोरून बाहेर गेले. परत आले तर गाळणं मोरीत राहिलेलं. पुन्हा मोरी.

चहा त्याच्या हातात दिला, तर त्याने एक कागद माझ्यासमोर धरला. त्यावर आमच्या स्वयंपाकघराचा चौकोन होता आणि त्यात इकडून तिकडे, तिकडून इकडे नुसत्या रेघा. कोंबडीने उकिरडा उकरावा तसं दिसत होतं ते.

"हे काय?"

"तुम्ही आहे हे. एका कपाच्या चहासाठी इतक्या चकरा मारल्या तुम्ही."

मला एकदम रडूच आलं. वेडेपणा, दुसरं काय. परक्या माणसासमोर रडायचं नाही म्हणून मी गॅस पुसायला घेतला. पण या घरात कोणीतरी पहिल्यांदाच म्हटलं होतं, की ही बाई दिवसभर फिरते.

मग त्याने समजावून सांगितलं. गॅस, बेसिन आणि फ्रीज ही तीन ठिकाणं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर हवीत. जे जिथे लागतं ते तिथेच ठेवायचं. पिठाचा डबा पोळपाटाखाली, तिखटमीठ गॅसच्या उजव्या हाताला खेचायच्या कप्प्यात, पाणी डाव्या हाताला. मोरी काढून टाकायची. "काकू, दोन तासाचं काम एका तासात होते. मी लिहून देतो," तो म्हणाला.

त्याचं हे बोलणं ऐकलं आणि माझं मन थेट दुकानात जाऊन बसलं.

आमचं कापडाचं दुकान आर्वीच्या बाजारात आहे. साड्या, लुगडी, शर्टपीस, सगळं. पण खरा धंदा बस्त्याचा. लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी एकत्र येऊन सगळे कपडे एकाच दुकानातून घेतात, त्याला आमच्याकडे बस्ता म्हणतात. वीस-वीस माणसं पांढऱ्या गादीवर मांड्या घालून बसतात, म्हाताऱ्या रुसतात, मामी नाकं मुरडतात, आणि नवरी कोपऱ्यात मान खाली घालून बसलेली असते. तिला मनातून कुठला शालू हवा आहे हे गादीवरच्या पुरुषाला कधी कळत नाही. मला कळलं असतं. माझं माहेर हिंगणघाटचं, कापडवाल्यांचंच. फ्रॉकमध्ये असल्यापासून मी बापाच्या शेजारी गादीवर बसायची. माझे डोळे बांधून पदर हातात द्या, सूत आहे की मिलावट ते सांगेन. ही विद्या घेऊन मी कापडवाल्याच्याच घरात आले आणि थेट स्वयंपाकघरात गेले. सासूबाई आजारी, मग रजत लहान, मग दुकानातल्या नोकरांचे डबे. सकाळी उजाडल्यापासून दुपारी तीनपर्यंत मी मोकळी म्हणून नव्हतेच.

पण रजतचं लग्न ठरलं, पुलगावची मुलगी, मयुरी. बैठकीत सगळ्यांसमोर माझे यजमान म्हणाले होते, "सूनबाई घरात आली की आमची मंडळी दुकानात बसन. बायकाइच्या गिऱ्हाइकीले बाईच पाह्यजे." बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि विसरले असतील. मी तो शब्द पदराला गाठ मारून ठेवला होता.

तेव्हा हे स्वयंपाकघर म्हणजे माझ्यासाठी टाइल्स आणि ट्रॉल्या नव्हत्याच. ते माझं सुटकेचं दार होतं. जितकं काम लवकर आटपेल तितकी मी लवकर बाजारात.

आता ओट्याचं सांगते. आमचा जुना ओटा माझ्या सासूबाईंच्या, शोभाबाईंच्या मापाचा. सासूबाई माझ्या खांद्याला लागतात, आणि आमच्या घरची रीतच अशी, की ओटा बांधताना घरच्या बाईला भिंतीशी उभं करायचं, तिचा हात कोपरात दुमडायचा आणि कोपराच्या जरा खाली पेन्सिलीची खूण करायची. सासऱ्यांनी हौसेने तशी खूण करून बांधला होता. मी आले ती ही एवढी ताडमाड. पहिल्या दिवसापासून वाकून पोळ्या लाटल्या. संध्याकाळपर्यंत कंबरेचा असा भुगा व्हायचा, की खाटेवर पाठ टेकताना तोंडातून आवाज निघायचा. डॉक्टर म्हणाले वाकू नका. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, ओट्याला सांगा.

आदेशने ओट्याच्या उंचीचा विषय काढला तेव्हा यजमान दुकानातून जेवायला आले होते. ते घास तोंडात घालत म्हणाले, "उंची सूनबाईच्या मापाची ठेवजो. आमच्या घरात तसंच आहे. नवी बाई, नवा ओटा."

"मग त्यांले एकदा आणा ना इथं," आदेश म्हणाला. "दोन मिनिटांचं काम आहे."

"लग्नाच्या आधी पोरगी सासरचा उंबरठा कशी वलांडन बापा?" सासूबाई खाटेवरून म्हणाल्या.

यजमानांनी तिथल्या तिथे पुलगावला फोन लावला. व्याह्यांना म्हणाले, "मयुरीचं कोपरापर्यंतचं माप पाठवा बरं लौकर. मिस्त्री बसून आहे." पंधरा मिनिटांत मोबाइलवर उत्तर आलं, सव्वानऊ इंच. खाली त्यांनी विचारलं होतं, अस्तर लावणार ना.

आदेशला काही कळेना. आम्हाला तिघांनाही क्षणात कळलं. कापडवाल्याने होणाऱ्या सुनेच्या कोपराचं माप मागितलं, तर दुसरं काय समजणार? ब्लाउजच्या बाहीचं माप आलं होतं. सासूबाई इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. यजमान मात्र कान लाल करून पुन्हा फोन लावायला लागले.

तेव्हा मी ताटातली पोळी बाजूला सरकवली आणि म्हणाले, "काई नका लावू फोन. माह्या मापाचा करा."

"तुह्या?"

"मंग कोनाच्या? उद्यापासून तिथं उभं कोन राह्यनार? पोरगी येईन, दोन वर्सं हसंन-खेळंन. माही कंबर गेली त कोन देनार? मी आईच्या मापात निभावलं, आता सुनेच्या मापात निभावू? माहं माप कवा येनार या घरात?"

मी असं बोलणारी नाही. माझे मलाच शब्द ऐकू आले. यजमान आदेशकडे बघायला लागले, आदेश भिंतीकडे. सासूबाईंचं हसू थांबलं होतं. शेवटी यजमानच म्हणाले, "करून टाक रे हिच्या मापाचा. दोघी त करतीन."

मी भिंतीशी उभी राहिले. हात दुमडला. आदेशने पेन्सिलीने खूण केली आणि मागे सरकून म्हणाला, "काकू, तुमचा ओटा नेहमीपेक्षा बराच उंच होते बरं."

"होऊ दे," मी म्हटलं.

काम दोन महिने चाललं. तितके दिवस मागच्या पडवीत गॅस मांडून स्वयंपाक केला, डोळ्यात, भातात, अंथरुणात सगळीकडे सिमेंट. पण तुळशीची लग्नं लागायच्या आत सगळं उभं राहिलं. काळा ग्रॅनाइट, पिवळसर ट्रॉल्या, वर धूर ओढणारी चिमणी. पहिल्या दिवशी मी पोळपाट ठेवला, लाटणं हातात घेतलं आणि थबकले. मी सरळ उभी होते. ताठ. मान वर केली तर समोरच्या खिडकीतून शेजाऱ्यांचं सीताफळाचं झाड दिसलं. ते झाड तिथे आहे हे मला माहीत होतं, पण पोळ्या लाटताना ते मी कधी पाहिलं नव्हतं. मला फार आनंद झाला. सासूबाईंना हात धरून आणलं, दाखवलं. त्या ओट्याला अगदी चिकटून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लय उंच झाला बापा." मला वाटलं, हेवा असेल. म्हातारं माणूस.

आदेश खोटं बोलला नव्हता. हात लांब केला की वस्तू येत होती. साडेदहाला सगळं आटोपायचं, नोकरांच्या डब्यांसह. मी कपाटातून चार सुती साड्या काढल्या, खळ घालून इस्त्रीला दिल्या. दुकानात बसणाऱ्या बाईच्या अंगावर मालाची लाज राखील अशी साडी हवी.

लग्न झालं, मयुरी घरात आली. पोरगी गोड. बोलकी, हसरी, आणि उंचीने सासूबाईंच्या बरोबरीची. बघायला गेलो तेव्हा ती बसूनच होती आणि मांडवात टाचेच्या चपला, त्यामुळे माझ्या ध्यानातच आलं नाही.

मोठ्या हौसेने ती पहिल्या दिवशी शिरा करायला उभी राहिली. कढईत तिला दिसेचना. कोपरं वर, खांदे कानाशी, झारा धरलेला हात लोंबकळत. "आई, हे मले टेबल टेनिस खेळल्यासारखं वाटून राह्यलं," म्हणून तीच हसली. मी देवघरातला पाट आणून तिच्या पायाखाली दिला. चार दिवस तसं चाललं. पाटावर चढायचं, उतरायचं, बेसिनशी जायचं, पाट सरकवायचा. पाचव्या दिवशी भजी तळताना मागच्या शेगडीवरचं दूध उतू जातंय म्हणून तिने हात लांबवला, पाट कलंडला आणि तेलाचा शिंतोडा मनगटावर आला. फार नाही, करवंदाएवढा फोड. पण घरभर गोंधळ. रजत दवाखान्यात घेऊन गेला. यजमान जेवायला आले ते पाट उचलून स्वतः देवघरात ठेवून आले.

"तिले नको आता तिथं उभं करू. उद्या काही झालं त पुलगाववाल्याइले काय तोंड दाखवाचं?"

"नाई करत," मी म्हटलं. मला खरंच पोरीची काळजी वाटली होती. म्हटलं, आठ-पंधरा दिवस जाऊ दे, मग बघू.

मयुरी बिचारी रिकामी बसणारी नाही. भाज्या निवडून द्यायची, आजीचे पाय चेपायची. मग एके दिवशी नोकर आला नाही म्हणून दुकानात डबे तीच घेऊन गेली. बाराला गेलेली चारला परत आली. एक बस्ता बसला होता, नवरीला काही ठरवता येत नव्हतं, हिने तिला शालू अंगावर धरून आरशासमोर उभं केलं, आणि काम झालं. त्या रात्री यजमान जेवताना खुलले होते. "पोट्टी लय तेज आहे. बायका तिच्याशीच बोलतात. मी नुसता गादीवर बसून राह्यलो."

मी पोळी वाढत होते. पोळी हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी डबे घेऊन पुन्हा तीच. तिसऱ्या दिवशी डबे न्यायला नोकर होता, तरी ती गेली. आठवड्याने ती सकाळी यजमानांबरोबरच निघायला लागली. माझ्या इस्त्रीच्या साड्या कपाटात घडीवर होत्या. तिने एकदा विचारलं, "आई, दुकानात घालाले एखादी सुती साडी असन का तुमची?" मी दिली. दोन दिल्या. तिला त्या माझ्यापेक्षा चांगल्या दिसत होत्या, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी मला खोटं म्हणायला नको.

मग मी यजमानांना गाठलं. सरळच विचारलं, "तुम्ही म्हनले होते, सून आली की मी दुकानात बसनार."

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, मलाही चिडता आलं असतं. त्यांनी हातातला पेपर बाजूला ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "म्हनलो होतो ना. अजूनही म्हनतो. पन दिवसभर घरी कोन पाह्यन, आईचं चहापानी, जेवन? तिले त्या ओट्यापाशी उभं राह्यता येत नाई. तुह्या मापाचा आहे, तुह्या हाताशी सारं आहे. तूच त म्हनली होती, माह्या मापाचा करा."

मी म्हणाले होते. सगळ्यांसमोर म्हणाले होते.

त्या दुपारी सासूबाई झोपल्या होत्या, बाकी घरात कोणी नव्हतं. मी आदेशला फोन लावला. "ओटा थोडा खाली घेता येईन का?" विचारलं. त्याला वाटलं, मी थट्टा करतेय.

"काकू, खाली सगळ्या ट्रॉल्या बसल्या. वरचा दगड काढला त तुटन. सारंच पाडा लागन." मग जरा थांबून त्याने काळजीने विचारलं, "काऊन, तुम्हाले त्रास होऊन राह्यला का? माप त तुमचंच आहे."

"नाई रे," मी म्हटलं. "मले काहीच त्रास नाई."

फोन ठेवला तर सासूबाई खाटेवर उठून बसलेल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला जवळ बसवून घेतलं. त्या कधी माझ्या पाठीवर हात फिरवणाऱ्या नव्हेत, पण त्या दिवशी फिरवला.

"तू आली तवा ओटा माह्या मापाचा होता," त्या म्हणाल्या. "तुले बुटका पडला, पन वाकून जमलं तुले. तू वाकली अन् मी सुटली. हिनं काय करावं पोरीनं? वाकता येते वं बाई, उंच होता येत नाई."

"मंग तवाच काऊन नाई सांगितलं, खूण केली तवा?"

"तुही कंबर पाहून राह्यली होती ना मी इतके वर्सं," त्या म्हणाल्या. "कोनत्या तोंडानं सांगू?"

तीन वाजले, मी उठून चहा ठेवला. पातेलं, पाणी, साखर, पत्ती, दूध. चहा इतका लवकर झाला, की मला त्याचा राग आला.

आता वैशाखातले बस्ते चालू आहेत. दुकानातून फोन येतो, मंडळी आली आहेत, आठ चहा पाठवा, दहा चहा पाठवा, बाहेरच्यापेक्षा घरचा चहा लोकांना आवडतो. घरी इतकं सोयीचं स्वयंपाकघर आहे म्हटल्यावर नोकरांच्या डब्यांत मुनिमाचाही डबा आला. माझं काम लवकर होतं, हे आता सगळ्यांना माहीत आहे.

काल रात्री मयुरी उशिरा आली. यजमान आणि रजत मागे दुकान आवरत होते. ती हातपाय धुऊन सरळ माझ्यापाशी आली, मी तव्यावरून उतरवते तशी गरम पोळी ताटात घेऊन तिथेच स्टुलावर बसली. दमली होती, पण तोंड चालू. आज मोठा बस्ता होता आई, रसुलाबादचे लोक होते, नवरीची आत्या कशी रुसली, नवरदेवाच्या काकाने सफारीचं कापड तीन वेळा बदललं. मी लाटता लाटता विचारत होते. मग पुढं? मग आत्याला काय दिलं? काठ केवढा होता? मला सगळं डोळ्यासमोर दिसत होतं, पांढरी गादी, उलगडलेले थान, कोपऱ्यातली ती पोर.

"अन् नवरीनं शालू कोनता घेतला?" मी विचारलं.

"घेतला ना एक. मस्त होता."

"रंग कोनता?"

मयुरीने घास घेतला. कपाळाला आठी घालून खरंच आठवायचा प्रयत्न केला तिने.

"काय माहीत आई. ध्यानात नाई. लालच असन."

लाल. कुंकवासारखा लाल की डाळिंबी, की विटकरीकडे झुकणारा, की जांभळी झाक मारणारा? आयुष्यात एकदाच नेसायचा शालू. मी पुढची पोळी लाटायला घेतली. तिच्यावर राग नव्हता. ती दिवसभर उभी होती, तिला भूक लागली होती.

"असन," मी म्हटलं, तव्यावरची पोळी फुगली होती ती तिच्या ताटात टाकली आणि वर तूप सोडलं. "जेव तू पोटभर. अजून एक टाकते."